बिननावाचं कार्बन

‘सगळं एकाच कारखान्यातून येतं हो, आपण फक्त स्टिकरचे पैसे वाचवतो.’ अमरावती-अकोल्याच्या सायकलवाल्यांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे. दोन-अडीच हजारांत ऑनलाइन मागवलेलं कार्बनचं हँडल, त्यावर एक तर काहीच छापलेलं नाही, नाहीतर एखाद्या बड्या कंपनीचं नाव जरा जास्तच ठसठशीत, आणि सोबत ‘कंपन्या लुटतात’ हे तत्त्वज्ञान. कंपन्या लुटतात, हे मलाही मान्य आहे. दोनशे ग्रॅमच्या नळीचे पंधरा-वीस हजार घेणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण त्यांचा नफा जास्त आहे म्हणून निनावी माल भरवशाचा ठरतो, हे गणित मला कळत नाही.

कारखाना एकच असेलही. साचासुद्धा एकच असेल. पण कार्बनचा भाग काही साच्यात ओतून होत नाही. राळेत भिजवलेल्या कार्बन कापडाचे तुकडे हाताने एकावर एक लावतात. कोणता तुकडा कोणत्या दिशेने बसला, थर किती, कुठे सुरकुती पडली, तापवून दाबताना आत हवा राहिली का, यावर त्याची ताकद ठरते. बाहेरून सगळं सारखंच काळं आणि चकचकीत. पुरणपोळीत पुरण किती हे वरून कळत नाही. पण निदान ती पहिल्या घासाला कळते. इथे कळायला वर्षभर जातं आणि कळतं तेव्हा तुम्ही ताशी चाळीसच्या वेगात असता. पोलाद वाकतं. अ‍ॅल्युमिनियमही बऱ्याचदा आधी तडा दाखवतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटत जातात आणि वरचा रंग शाबूत असतो.

म्हणून तर चाचण्या असतात. सायकलच्या सुरक्षेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हँडलला यंत्रावर लाख-लाख वेळा ओढून-दाबून पाहतात. एका तुकड्यावर नव्हे, तर पुढे निघणारा प्रत्येक तुकडा तसाच निघेल याची व्यवस्था ठेवणं, हा खरा खर्च. स्टिकरच्या पैशात तोही असतो.

‘मोठ्यांचंही तुटतंच की!’ तुटतं. मार्च २०२१मध्ये बेल्जियममधल्या ल सामिन या शर्यतीत मात्यू व्हॅन डर पूलचं कार्बनचं हँडल भर शर्यतीत मोडलं. सायकल कॅन्यनची, जगातल्या नावाजलेल्यांपैकी. पुढे काय झालं, ते मात्र आपले लोक सांगत नाहीत. काही दिवसांतच कंपनीला ते हँडल असलेल्या सायकली चालवू नका असं गिऱ्हाइकांना जाहीरपणे सांगावं लागलं आणि भाग बदलून द्यायचं काम अंगावर घ्यावं लागलं. आता तुमच्या बिननावाच्या हँडलच्या त्याच खेपेतलं दुसरं हँडल उद्या अकोल्यात मोडलं, तर अमरावतीत तुम्हाला कोण कळवणार? खेपेला नंबर नाही, विकणाऱ्याचं ऑनलाइन दुकान तोवर दुसऱ्याच नावाने उघडलेलं.

आणि आपण चालवतो कुठे? अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच पट्ट्यात लोणी ते माना दरम्यान जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. विक्रमाचं कौतुक करणाऱ्यांनी आधीच्या खड्ड्यांचा विक्रमही मोजायला हवा होता, ते असो. रस्ता गुळगुळीत झाला तसा ट्रकचा वेगही वाढला. तिथे हँडल हातात आलं तर पडायचं कुठे, हे आपल्या हातात नसतं.

दुसरी जागा चिखलदऱ्याचा घाट. वर १,१०० मीटरहून जास्त उंची, खाली परतवाडा. मधे सुमारे सातशे मीटरांचा उतार, वळणांवर वळणं. रिम ब्रेक असलेलं स्वस्त कार्बनचं चाक घेऊन इथून उतरणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. कार्बन उष्णता लवकर सोडत नाही. ब्रेक दाबून धरला की रिम तापते, हलक्या प्रतीची राळ मऊ पडते, आतली हवा कडा बाहेर ढकलते आणि टायर निसटतो. त्यात आमचा उन्हाळा, जिथे मे महिन्यात पंचेचाळीसचं कोणाला नवल नाही. चांगले उत्पादक यासाठी जास्त ताप सोसणारी राळ वापरतात. तुमच्या चाकात कोणती आहे? विचारणार कोणाला?

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. जून २०१९मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. त्या आंदोलनाची बाजू घ्या किंवा घेऊ नका. ते उघड्यावर होतं, करणारे नाव सांगून करत होते. पण बिनलेबलाची, बिनबिलाची पाकिटं चोरून विकली जातात, ती गोष्ट वेगळी. ते उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? ज्या घरातला बाप असलं पाकीट उलटंपालटं करून ठेवून देतो, त्याच घरातला पोरगा काळी नळी डोळे झाकून सायकलला लावतो.

‘मग गरिबाच्या पोरानं शर्यतीत उतरूच नये का?’ हा प्रश्न मला खरा वाटतो, आणि त्याचं उत्तर त्याच दोन-अडीच हजारांत आहे : नावाजलेल्या कंपनीचं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल. फरक पडतो शंभरेक ग्रॅमचा, म्हणजे बाटलीतल्या दोन घोट पाण्याचा. तेवढ्यानं अकोल्याला आधी पोचणारा अजून मी पाहिलेला नाही. हा हलकेपणा बहुतेकांना पायांसाठी नको असतो, फोटोसाठी हवा असतो.

दुकानदारांनाही एक सांगायचं आहे. ऑनलाइन मागवून काउंटरवरून पुढे विकणारे आणि ‘काई नाई होत बाप्पा, बिनधास्त लाव’ म्हणत अंदाजाने बोल्ट आवळणारे तुम्ही. कार्बनच्या हँडलला साधारण पाच न्यूटन-मीटर एवढाच पीळ चालतो, तो मोजायचा पाना ठेवत नाही, हा वेगळा मुद्दा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२०पासून लागू आहे. त्याच्या कलम ८६प्रमाणे माल बनवणारा कोण हेच माहीत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर सदोष मालाने झालेल्या नुकसानीचा दावा विकणाऱ्यावर लागू शकतो. म्हणजे ज्या नळीवर कोणाचंच नाव नाही, तिच्यावर कायद्याने तुमचं नाव लिहिलेलं आहे.

म्हणून मी ओळखीच्या पोरांना एवढंच सांगतो : घ्यायचंच असेल तर दुकानातून घ्या आणि पक्कं बिल मागा, बनवणाऱ्याच्या आणि आयात करणाऱ्याच्या नावासकट. परवा एकाने मागितलं. दुकानदाराने नळी परत खोक्यात घातली आणि म्हणाला, ‘राहू दे भाऊ, तुले अ‍ॅल्युमिनियमचंच देतो.’