प्लेट तयार आहे, पेटी कोण करणार?

पारोळ्यात हायवेला लागून माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. बँडवाले, भजनी मंडळं, कानबाईच्या मिरवणुकीची गाडी सजवणारी पोरं, देवळाचा भोंगा, मशिदीचा भोंगा, सगळ्यांच्या मशिनी माझ्याच टेबलावर उघड्या पडतात. अलीकडे त्यात नव्या गिऱ्हाइकांची भर पडली आहे. बांभोरीला, धुळ्याला, शिरपूरला इंजिनिअरिंग शिकणारी पोरं चपलेच्या खोक्यातून एक हिरवी प्लेट घेऊन येतात. तिच्यावर वायरींचं जंजाळ असतं आणि त्यातून खरंच सूर निघतो. पिपाणीसारखा किरटा नव्हे. जाड, भरीव, गाडीच्या काचा थरथरतील असा. पोरगं म्हणतं, "आप्पा, आवाज ते भारी शे, पन हाई लोकेस्ना समोर वाजाडू कसं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो त्या एकट्याचा नाही. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात ते आवाज निघेपर्यंत. तो आवाज ज्या पेटीत बसणार, ज्या नॉबनी आणि बटणांनी वाजणार, त्या भागाला मार्क नाहीत. परीक्षक येतात, स्पीकरमधून सूर ऐकतात, मान डोलावतात, सही करतात. पुढच्या आठवड्यात ते खोकं माळ्यावर जातं. माझं मत असं आहे की ज्याला पेटी नाही ते वाद्य झालेलंच नाही, आणि ते वाद्य करू शकणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात रिकामी बसलेली असताना आपण ते अर्धवट सोडतो.

आवाजाचं म्हणाल तर तो प्रश्न आता उरलेला नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला तेव्हा तो कपाटाएवढा होता, आणि तो लावून द्यायला डेव्हिड ट्यूडर हे संगीतकार अमेरिकेहून आले होते. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं समोर मांडून दहा रागांची डिस्को तबकडी काढली. ती यंत्रं तेव्हा आमच्यासारख्यांनी फोटोत बघायची. २०२१ मध्ये पिको नावाचा बोटाएवढा बोर्ड निघाला, किंमत ४ डॉलर. त्याला आकड्यांचा आवाज करून देणारी एक स्वस्तातली प्लेट जोडली, फुकट मिळणारा प्रोग्रॅम आत भरला की सिंथ बोलायला लागतो. सगळा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरनं घरपोच येतो.

मग अडतं कुठे? नॉबपाशी. पिकोवर कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजता येईल अशा पिना बाहेर काढलेल्या आहेत तीनच. सिंथला नॉब लागतात आठ-दहा. पोरं तीन नॉबवर भागवतात आणि उरलेलं सगळं एका इवल्याशा स्क्रीनवरच्या मेनूत कोंबतात. ४०५१ नावाची साधी आयसी लावली तर एका पिनेवर पाळीपाळीनं आठ नॉब वाचता येतात, हे त्यांना पुस्तकातून माहीतही असतं. पण आठ नॉब म्हटले की आठ भोकं आली, भोकं म्हटली की पॅनेल आलं, पॅनेल म्हटलं की सुतार आला, पत्रेवाला आला, आणि तिथं पोरांचा धीर सुटतो. प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर पुसता येते. पत्र्यातलं भोक पुसता येत नाही.

मेनूचं हे दुखणं मोठ्या कंपन्यांनाही झालेलं आहे. १९७० चा मिनीमूग बघा. तोंडभर नॉब, लाकडी पेटी, पॅनेल वाजवणाऱ्याकडे कललेलं. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. आवाजात तो कितीतरी पुढचा, जगभर धडाक्यात खपला. पण वरती सगळी सपाट बटणं, आकडा बदलायला एकच सरकपट्टी आणि दोन ओळींचा स्क्रीन. आवाज घडवायचा तर इतकी खटपट की बहुतेक वादकांनी कारखान्यातून आलेले आवाजच आयुष्यभर वाजवले. इतकं हुशार यंत्र, पण हात घालायला जागा ठेवली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या भजनी मंडळांच्या पिशवीत असतं. बंगळूरचे जी. राजनारायण हे अभियंते आणि बासरीवादक. १९७९ च्या सुमारास ते इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटीच्या मागे लागले, आणि पुढे त्यांच्यासारख्यांच्या खटपटीतून आलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा खेड्यापाड्यांत पोचला. पट्टीचा नॉब, बारीक सूर लावायचा नॉब, वेग, आवाज. चष्मा घरी विसरलेले बुवासुद्धा तो अंधारात लावतात. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही.

खान्देशातल्या वैशाखातल्या वरातीत कीबोर्डवाला गाडीवर उभा असतो. ऊन ४४-४५ अंशांचं. त्या उजेडात इंचभर स्क्रीनवर काय लिहिलंय ते देवालाही दिसत नाही. रात्री लाइटा थेट डोळ्यांवर. खाली नाचणारे फर्माईश ओरडताहेत, नवरदेवाचा मामा नोट नाचवतोय. अशा वेळी त्यानं मेनूत तीन पायऱ्या उतरून फिल्टर शोधायचा? त्याला हवा पांढरी रेघ मारलेला एक मोठा नॉब, न बघता हाताला सापडणारा, किती फिरला ते बोटालाच सांगणारा. म्हणून न थांबता गरगर फिरणारे एन्कोडर मी मुख्य कामाला लावू देत नाही. नॉबखालच्या साध्या पॉटची एक अडचण मान्य आहे. साठवलेला आवाज लावला की नॉबची जागा आणि आतला आकडा जुळत नाही, हात लावताच आवाज उडी मारतो. त्याला तोडगा प्रोग्रॅममध्ये आहे: नॉब फिरत फिरत आतल्या आकड्याला गाठत नाही तोवर त्याचं ऐकायचंच नाही. दुसरी अडचण, आकडा जागेवर थरथरतो. पिको ते व्होल्टेज ४०९६ पायऱ्यांत मोजतो, आणि शेवटच्या काही पायऱ्या नुसत्या गोंगाटाच्या असतात. पाच-दहा वेळा वाचून सरासरी काढायची, पिनेजवळ एक छोटा कपॅसिटर टाकायचा. पोरांना एवढं सांगितलं की तासाभरात करून आणतात. हुशारीची कमी नाहीच.

कमी आहे ती पेटीची. थ्रीडी प्रिंटरवर पोरांचा भारी जीव. कॉलेजात प्रिंटर असतो, त्यावर पेटी छापून आणतात, दिसतेही सुबक. पण त्यात बहुतेकदा पीएलए नावाचं प्लास्टिक असतं आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज तापतो. अशी एक पेटी माझ्याकडे आली, ती खापरावरच्या मांड्यासारखी लवलेली. पुण्या-बंगळूरच्या एसी खोलीत ती वर्षानुवर्षं टिकली असती. आमच्याकडे एक लग्नसराईही टिकत नाही.

यावर उत्तर कूलरवाल्याकडे आहे. आमच्याकडे पत्र्याचे कूलर गावातच बनतात. त्या कारागिराजवळ पत्रा कापायची कात्री असते, वाकवायचं मशीन असतं, आणि कोपरा काटकोनात कसा बसवायचा याची नजर असते. उन्हाळ्यात त्याला बोलायला सवड नसते. मृग लागला की तो मोकळा. सिंथच्या वरच्या पॅनेलला दीड-दोन मिलिमीटरचं ॲल्युमिनियम लागतं, कारण पॉटची आटे असलेली मान आखूड असते. बारा मिलिमीटरच्या प्लायमधून ती बाहेरच येत नाही, मग नट लावणार कशाला? हे एक कारण. दुसरं, धातूच्या पॅनेलला ग्राउंडची वायर जोडली की बाहेरून घुसणारी घरघर बरीच दबते. भोकं पाडायच्या आधी पंच मारायचा, सात मिलिमीटरचं भोक पॉटला, दहाचं मोठ्या जॅकला, आणि दोन नॉबच्या मध्यात निदान तीन सेंटिमीटर अंतर. घामेजलेल्या बोटांना त्याहून कमी जागा पुरत नाही.

बाजूच्या फळ्या मात्र लाकडाच्या. चौकटी-दरवाजांच्या कामातून उरलेले सागाचे तुकडे सुतारांकडे पडूनच असतात, नाहीतर निंब आहेच. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना मी एक प्लेट दाखवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला: "वाजवणारा उभा राहणार का बसणार?" दुसरा: "डावखुरा आहे का?" तिसरा: "गाडीवर बांधणार कशानं?" मग रंधा मारता मारता त्यांनी फळीला उतार दिला, खाली दोरी जायला दोन खाचा केल्या, आणि नॉब आत खोलात बसतील अशी कडा वर ठेवली, म्हणजे पेटी पालथी पडली तरी मार लाकडाला लागेल. हे तीन प्रश्न चार वर्षांच्या डिग्रीत ती प्लेट करणाऱ्या पोराला कुणी विचारले नव्हते.

पॅनेलवरची अक्षरं रेडियमवाला कापून देतो, मोटारसायकलच्या नंबरप्लेटचं काम करतो तोच. राहता राहिला कापूस. आमच्या भागात जिनिंगच्या दिवसांत रुआ हवेतच असतो. तो नॉबच्या फटीतून पॉटमध्ये शिरतो आणि खरखर सुरू होते. नॉबखाली फेल्टची चकती घातली तर पुष्कळ फरक पडतो. ही युक्ती माझी नाही, एका जुन्या जर्मन रेडिओत बघितलेली आहे.

सुतार-पत्रेवाल्यांनी वाद्यं करायची म्हटल्यावर काही मास्तर लोक हसतात. त्यांनी मिरजेचा इतिहास बघावा. तिथले शिकलगार हे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम बसलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीतून सुरुवात करून सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, हात हत्यारं घडवणाऱ्यांचे. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरं उदाहरण डॉ. विद्याधर ओकांचं. वाजवायच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, आपल्या श्रुती नाहीत ही तक्रार जुनी. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं त्यामागेही हेच दुखणं होतं. ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली, त्यात पट्ट्यांखालच्या खुंट्या ओढून-ढकलून हवी ती श्रुती निवडता येते. गणित त्यांनी केलंच, पण ते वादकाच्या बोटांपर्यंत नेलं ते त्या खुंट्यांनी.

आता सरकारी पैशाबद्दल. २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळतात, एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. त्यात बोर्ड, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर, हत्यारंही येतात. दुसरीकडे सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसायांत सुतार आणि लोहार आहेत, त्यांना प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. दोन्ही योजना एकाच तालुक्यात राबतात आणि एकमेकींचं तोंड बघत नाहीत. लॅबमध्ये हत्यारं आहेत, हात नाहीत. सुताराला अवजारं मिळाली, नवं काम मिळालं नाही.

लॅबच्या चालू खर्चातून आठवड्याचा एक दिवस गावातल्या सुताराला आणि पत्रेवाल्याला रीतसर मानधन देऊन शाळेत बोलवा. पाहुणे म्हणून नाही, शिक्षक म्हणून. आणि कॉलेजातल्या प्रोजेक्टचे निम्मे मार्क पेटीला ठेवा. परीक्षा सोपी आहे. बनवणाऱ्या पोराला खोलीबाहेर काढायचं, बँडमधला एखादा वादक आत बोलवायचा आणि त्याच्यासमोर ते वाद्य ठेवायचं. कुणालाही न विचारता त्याला पाच मिनिटांत वाजवता आलं तर मार्क द्यायचे. नाही आलं तर प्रोग्रॅम कितीही देखणा असो, नापास.

बँडमालक मला म्हणतात, आप्पा, बाजारात तयार कीबोर्ड मिळतो, ही उठाठेव कशाला? घ्या ना, मीही तेच दुरुस्त करून पोट भरतो. पण त्याचं रबरी बटण भर सीझनमध्ये गेलं की सुटा भाग मिळता मिळत नाही आणि लग्नाच्या तारखा हातातून जातात. हातानं केलेल्या पेटीचा नॉब गेला तर चार स्क्रू काढायचे, पॉट बदलायचा, संपलं. तो पॉट अमळनेरच्या, एरंडोलच्या, धरणगावच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याच्या डब्यात पडलेला असतो. फक्त पेटी करतानाच झाकणाच्या आतल्या बाजूला कनेक्शनचं चित्र चिकटवून ठेवा, म्हणजे त्याला रात्री अकरा वाजता मला फोन करावा लागणार नाही.