पडद्यामागे वाजणारा फोन

रात्रीच्या बसने लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला ‘प्रवास कसा झाला?’ असे विचारले आणि ‘छान झाला’ एवढेच उत्तर आले, तर तो रात्रभर झोपून आला असे खुशाल समजावे. जो जागा असतो, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असतेच. कुणाची पिशवी बदलते, कुणी भलत्याच गाडीत जाऊन बसतो, कुणाचे गाव झोपेत मागे पडते. घरी पोहोचल्यावर हे सारे हसत हसत सांगितले जाते. पण ज्या घटकेला ते घडते, त्या घटकेला मात्र कुणालाच हसू येत नाही.

इंदूरच्या एका मराठी जोडप्याचेही असेच झाले. दोघेही सत्तरीच्या घरातले. नातवाच्या मुंजीसाठी पुण्याला मुलीकडे निघाले होते. गाडी खासगी कंपनीची, वातानुकूलित, झोपून जाण्याची सोय असलेली. आजींचे गुडघे दुखतात म्हणून खालचा बर्थ त्यांना दिला आणि आजोबा कसेबसे शिडीवरून वर चढले. प्रत्येक बर्थला पडदा होता. तो ओढला की आत जणू स्वतंत्र खोलीच!

आजींनी दुपारपासून पाणी घेतले नव्हते. प्रवासात पाणी प्यायचे नाही, हा त्यांचा जुना नेम. तरी रक्तदाबाची गोळी घ्यावीच लागते आणि ती लघवी वाढवणारी. रात्री पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा स्वच्छतागृहाला कडी नाही, हे पाहून त्या तशाच परत आल्या. ‘‘जाऊन आलीस ना?’’ आजोबांनी वरून विचारले. ‘‘हो, हो,’’ म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला.

साडेबाराच्या सुमारास सेंधव्याजवळच्या एका ढाब्यावर ड्रायव्हर चहासाठी थांबला. आता मात्र आजींना राहवेना. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचे, असा विचार करून त्या हळूच उतरल्या. फोन चार्जिंगला लावलेला, पैशांची पर्स उशीखाली. दोनच मिनिटांचे तर काम होते.

स्वच्छतागृह ढाब्याच्या मागच्या अंगाला होते. आजी परत आल्या तेव्हा गाडीची जागा रिकामी होती.

क्लीनरने तसे आपले काम केले होते. त्याने आत एक फेरी मारली, सगळे पडदे ओढलेले पाहिले आणि ड्रायव्हरला ‘चलो’ म्हणून सांगितले. पडद्याआड माणूस आहे की नुसती शाल, हे त्याला कसे कळणार?

‘‘कौन सी गाडी थी, माताजी?’’ ढाबेवाल्याने विचारले.

‘‘सफेद,’’ आजी म्हणाल्या. त्या रस्त्याने रात्री जाणाऱ्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात. गाडीचा नंबर त्यांनी पाहिला नव्हता. कंपनीचे नाव आठवेना. यजमानांचा नंबर फोनमध्ये, मुलीचा नंबरही फोनमध्येच. पूर्वी वीस-पंचवीस नंबर तोंडपाठ असत, आता एकही आठवेना. शेवटी एकच नंबर आठवला, तो त्यांचा स्वतःचा! गॅसवाल्याला, किराणावाल्याला, बँकेत सगळीकडे तोच सांगावा लागतो म्हणून पाठ झालेला. ढाबेवाल्याने आपल्या फोनवरून तोच लावला.

इकडे धावत्या गाडीत पडद्यामागे फोन वाजू लागला. समोरच्या बर्थवर पुण्याला शिकणारी एक मुलगी होती. पहिल्यांदा तिने सोसले. दुसऱ्यांदा कानावर उशी दाबली. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाली, ‘‘आजी, फोन वाजतोय तुमचा!’’ चौथ्यांदा मात्र तिने उठून पडदाच बाजूला केला. आत घडी घातलेली शाल, चष्म्याचे घर, सील न तोडलेली पाण्याची बाटली आणि वाजणारा फोन.

तिने तो उचलला. पलीकडून आवाज आला, ‘‘हॅलो, बाळ, तू कोण?’’

‘‘मी समोरच्या बर्थवरची. आजी, तुम्ही कुठे आहात?’’

तिने आजोबांना हलवून उठवले, तर ते म्हणाले, ‘‘अगं, ती खाली झोपलीय.’’ दोनदा तेच म्हणाले. मग वाकून खाली पाहिले आणि त्यांचे हातपायच गळाले.

तोवर गाडी बिजासन घाटाला लागली होती. तिथे थांबणे किंवा वळणे शक्यच नव्हते. ड्रायव्हरने ढाबेवाल्याशी बोलून ठरवले, की घाट उतरल्यावर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पेट्रोल पंपावर गाडी उभी ठेवायची आणि मागून येणाऱ्या एखाद्या बसने आजींना तिथवर पाठवायचे. दोघा-तिघांनी कुरकुर केली. पण ती मुलगी आजोबांजवळ बसून राहिली आणि त्यांना पाणी पाजत राहिली.

थोड्याच वेळात ढाबेवाल्याने महाराष्ट्राची एसटी थांबवली. कंडक्टरने आजींना आपल्या शेजारी पुढे बसवले, तिकीट फाडले आणि पैसे स्वतःच्या खिशातून घातले. ‘‘नियम आहे, आजी. चेकर आला तर तुम्हाला ताप नको.’’ पंपावर दोन्ही गाड्या मागेपुढे उभ्या राहिल्या. आजोबांनी नोटा पुढे केल्या, तर त्याने तिकिटापुरतेच पैसे घेतले. आजी आपल्या गाडीत चढल्या हे डोळ्यांनी पाहिल्यावरच त्याने डबल बेल दिली.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी धावली. तेव्हापासून एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला, ही खूण गावोगावच्या माणसांच्या कानात बसली आहे. दोन बेल देण्याआधी कंडक्टर मागे वळून बघतो. कोण उतरले, कोण चढायचे राहिले, हे त्याला चेहऱ्यांवरून कळते. झोपायच्या गाडीत पाठीला सुख मिळाले, पडद्याचा आडोसाही मिळाला. मात्र त्याच आडोशामुळे शेजारच्याची नजरही आपल्यावरून उठली.

प्रश्न एकट्या आजींचा नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. घराबाहेर पडणे सोपे झाले, पण रात्रीच्या थांब्यावर उजेड, पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह मिळेलच याची खात्री नाही. म्हणून कित्येक जणी तहान मारतात आणि तासन्‌तास अडवून धरतात. त्यातून लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर असे मुळीच करू नये. ‘मला उतरायचे आहे’ हे ड्रायव्हरला सांगण्यात लाज कसली?

काळजी घ्यायची तर ती फार अवघड नाही. गाडीत चढण्यापूर्वी नंबराच्या पाटीचा फोटो काढावा आणि नंबर कागदावरही लिहून जवळ ठेवावा. दोन मिनिटांसाठी उतरले तरी फोन आणि थोडे पैसे अंगावर असावेत. घरातले दोन नंबर पाठ असावेत. अडचणीत ११२ हा क्रमांक आहेच. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उतरताना शेजारच्याला सांगून उतरावे.

त्या रात्री गाडी पुन्हा सुरू झाल्यावर आजोबा म्हणाले, ‘‘अगं, मला उठवायचं नाही का?’’

‘‘तुम्ही गाढ झोपला होता. म्हटलं, कशाला त्रास?’’

आजोबा काही बोलले नाहीत. बाटलीचे सील तोडून त्यांनी ती आजींच्या हातात दिली.

मुंज आटोपून दोघे परत निघाले तेव्हाही गाडी रात्रीचीच होती. पहिला थांबा आला, तशा आजी फोन आणि पर्स घेऊन उठल्या आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘मी उतरतेय हो! मी आल्याशिवाय गाडी सोडू नका.’’

दोन-तीन पडदे सरकले. आतून आणखी दोन बायका उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘थांबा आजी, आम्हीही येतो.’’