चौपाटीजवळचे ‘फुकटे’ भाडेकरू : एका लाडक्या समजाचा समाचार

गिरगाव चौपाटीपासून पाच मिनिटांवर राहायचे आणि महिन्याला शे-दोनशे रुपये भाडे भरायचे. अशा भाडेकरूंनीच मुंबई बुडवली, हा समज हल्ली इतिहास म्हणून फिरत असतो. तो पसरवण्यात सर्वांत उत्साही कोण, तर स्वतः भाड्याने राहणारी तरुण मुले. अणदूरहून सोलापूरमार्गे मुंबई गाठलेला मुलगा वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळ तिघाचौघांत एक खोली वाटून घेतो, पगाराचा मोठा हिस्सा मालकाच्या हवाली करतो आणि राग काढतो तो गिरगावातल्या म्हाताऱ्या पावतीधारकावर. हा राग चुकीच्या पत्त्यावर जातो आहे.

भाडेनियंत्रण हे स्वातंत्र्योत्तर समाजवादाचे खूळ, असे सांगितले जाते. मुंबईतला पहिला भाडेकायदा १९१८ चा, म्हणजे ब्रिटिश सरकारचा आहे. महायुद्धामुळे बांधकाम थंडावले, माणसांचा ओघ थांबला नाही आणि भाडी भडकली, म्हणून तो करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले, आणि तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ देत देत अर्धशतक चालवला गेला. या गोठवणुकीचे समर्थन कोणी करू नये. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, ते योग्यच होते. १९४० च्या भाड्यात चार मजली चाळीचे छप्पर कोण शाकारणार?

मात्र पावतीवरचा आकडा हा व्यवहाराचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा पागडीत असतो. पहिल्या पिढीतल्या अनेकांनी ती दिली नसेल. पण खोली हातोहात फिरू लागली तशी प्रत्येक नव्या भाडेकरूने बाजारभावाच्या जवळपास जाणारी रक्कम मोजली, आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा मालकाकडे जाण्याची प्रथा पडली. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता, म्हणून ती कुठल्याच पावतीवर आली नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती राजरोस केली. कागदोपत्री पुराव्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकाने इथे जपून पाऊल टाकावे : जो पैसा लपवण्यातच दोन्ही पक्षांचे हित होते, तो दप्तरात सापडत नाही म्हणून नव्हताच, असे ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. ‘स्वस्त भाडेकरू’ म्हटले की डोळ्यांसमोर चाळीतला कारकून उभा केला जातो; मरीन ड्राइव्हकडे कोणाची नजर वळत नाही. तिथल्या १९३०-४० च्या दशकांतल्या देखण्या इमारती मुख्यतः भाड्याने देण्यासाठीच उभ्या राहिल्या होत्या. ऐन समुद्रासमोरचे ते प्रशस्त फ्लॅट त्याच गोठलेल्या भाड्याचे धनी झाले. बँका आणि बड्या कंपन्याही त्यात होत्या. इतक्या, की १९९९ च्या कायद्याला बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून नाव घेऊन वगळावे लागले. चाळीच्या दोन खोल्यांवर तोंडसुख घेणाऱ्यांना हे कलम आठवत नाही.

मुळात ती जमीन तरी कोणाची? बॅकबे भराव योजना सरकारी पैशाने रेटली गेली. ठरले होते १,१४५ एकर, हाती आले ४४०. खुर्शेद नरिमन यांनी तिचे वाभाडे काढले. त्याच विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचे स्वप्न दाखवले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून सुमारे १६,००० बांधल्या. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया जकात बसली. म्हणजे समुद्राकाठच्या या शहराच्या उभारणीत वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीचाही पैसा आहे. किनाऱ्याजवळची जागा महाग झाली ती काही एकट्या मालकाच्या कर्तृत्वाने नव्हे.

आता अणदूरच्या मुलाकडे वळावे. १९४७ चा कायदा झाला तेव्हा त्याचे गाव निजामाच्या राज्यात होते. पुढे मराठवाड्यातल्या शहरांना हैदराबादचा १९५४ चा वेगळा भाडेकायदा होता. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच कायदा लागू झाला. पण वर्सोव्यात तो ज्या ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या कागदावर राहतो, त्यावर कायदा त्याला भाडेकरू मानतच नाही. तो परवानाधारक. वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मर्यादा जुन्या पावतीला आहे, त्याला नाही. करार सरसकट ११ महिन्यांचा का? तर वर्षापेक्षा मोठा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागे, ते टाळण्यासाठी. १९९९ च्या कायद्याने कोणताही करार, कितीही महिन्यांचा असो, नोंदवणे बंधनकारक केले. कारण संपले, सवय मात्र राहिली, कारण ती मालकाच्या सोयीची आहे.

अणदूरचा खंडोबासुद्धा मुक्काम बदलतो : मूर्ती एक, देवळे दोन. वर्षातले सुमारे दहा महिने अणदूर, उरलेला काळ नळदुर्गजवळचे मैलारपूर. मूर्ती हलवताना दोन्ही गावांत लेखी करार होतो, आणि त्यात परतीची तिथीही पक्की असते.

परवानाधारकाच्या करारात तशी हमी नसते, आणि तो कायम असाच नागवा होता असेही नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता, त्यांना विधिमंडळाने दुरुस्ती करून भाडेकरूचा दर्जा दिला होता. त्यांत कालपरवा शहरात आलेली माणसेही होती. आजच्या कायद्याचे कलम २४ नेमके उलटे आहे : मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर जितके दिवस राहाल तितक्या दिवसांचे दुप्पट भाडे. हे कलम गिरगावच्या चाळीतल्या म्हाताऱ्याने लिहिलेले नाही.