पदवी कशासाठी?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: कोणत्या पदवीने नोकरी लवकर लागते? हा प्रश्न तुच्छ लेखण्यासारखा नव्हे. ज्या बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून, ज्या आईने अंगावरचे सोने मोडून मुलास महाविद्यालयात धाडले, त्यांस भाकरीची चिंता करू नका असे सांगणे क्रूरपणाचे होय. परंतु भाकरी हा विद्येचा पहिला प्रश्न असला, तरी शेवटचा खचित नव्हे. विद्यापीठ पदवी देते. पण ती धारण करणारा मनुष्य कसा घडला, इकडे कोण लक्ष देतो?

ह्या संबंधात हैदराबाद शहराची कथा मननीय आहे. तेथील जामबाग ह्या वस्तीत विवेकवर्धिनी संस्थेचे महाविद्यालय आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, निजामाच्या राज्यात, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी ह्या संस्थेचा पाया घातला. हेतू हा की, मराठी मुलांस आपल्या भाषेतून शिक्षण मिळावे. संस्थेच्या नावातच तिचा उद्देश सामावला आहे. विवेक वाढविणारी ती विवेकवर्धिनी. द्रव्यवर्धिनी असे नाव त्यांनी ठेविले नाही!

पुढे १९१८ मध्ये त्याच शहरात उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीवाचून अशक्य, असे मानण्याच्या त्या काळात तेथे उर्दू हे माध्यम ठरले. शास्त्रे, कायदा, वैद्यक ह्यांवरील ग्रंथांची भाषांतरे करण्यासाठी स्वतंत्र खातेच उघडण्यात आले. आपल्या देशातील भाषा विद्येचा भार पेलू शकते, हे ह्या प्रयोगाने जगास दाखविले. उणीव एवढीच की, प्रजेपैकी बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कानडी बोलणारे होते. त्यांच्या मुलांस ही भाषाही घराबाहेरचीच होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आणि प्रश्न पुन्हा होता तेथेच आला. शिकलेला मुलगा आपली विद्या आजीस तिच्या भाषेत समजावू शकत नसेल, तर ती विद्या गावात उतरावी कशी?

परंतु भाषेपेक्षाही मोठी अशी एक कसोटी आहे. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ गाऊ लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. अनेकांनी ती मानली नाही, आणि त्यांस विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. पदवी हाताशी आली असता तिच्यावर पाणी सोडणे सोपे नसते. त्यांच्याही घरी वाट पाहणारे आईबाप होतेच. नागपूर विद्यापीठाने ह्यांतील पुष्कळांस आश्रय दिला. १९९१ मध्ये भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. त्या मुलांचे राजकीय मत कोणास पटो वा न पटो. सद्सद्विवेकबुद्धीचे मोल पदवीहून अधिक आहे, एवढे त्यांनी जाणले होते. हा धडा कोणत्याही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी १८५२ मध्ये डब्लिन येथे विद्यापीठ ह्या विषयावर व्याख्याने दिली. विद्यापीठाचे मुख्य कार्य बुद्धीची मशागत हे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याबरोबरच, सुसंस्कृत बुद्धी म्हणजे सद्‌गुण नव्हे, असेही त्यांनी स्पष्ट बजाविले. आज माहिती तर खिशातील मोबाईलवरही मिळते. खरे काय, खोटे काय, हे निवडण्याची शक्ती मात्र सावकाश वाचन, गुरूंचा सहवास आणि मित्रांशी केलेली चर्चा ह्यांतूनच येते. आणि सद्‌गुणाचे बीज? ते घरातच पेरावे लागते. विद्यापीठाकडे ते काम सोपवून आईबापांस मोकळे होता येणार नाही.

म्हणून मुलगा वा मुलगी सुटीत घरी आली की केवळ गुण विचारू नका. चुलीपाशी बसवून तीन गोष्टी विचारा: जे शिकलास ते आम्हांस आपल्या बोलीत सांगशील काय? अन्यायापुढे ‘नाही’ म्हणण्याचे बळ तुझ्या अंगी आले काय? तुझ्या विद्येचा उपयोग तुझ्यावाचून आणखी कोणास होणार? ज्या सेवकाने मिळालेले द्रव्य मातीत पुरून ठेविले, त्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. केवळ स्वतःच्या सुखासाठी राखलेली विद्या ही तशीच पुरलेली ठेव होय.

नोकरी अवश्य लागो, आणि लवकर लागो. परंतु गहाण पडलेली जमीन सोडविताना मुलाने आपला विवेक गहाण टाकू नये, ह्याची काळजी आपणच वाहिली पाहिजे.