नगराचें वैभव कशानें मोजावें?

व्हिएन्ना शहराचें नांव निघालें कीं बीथोव्हेनचें संगीत, बादशाही वाडे व नाट्यगृहें डोळ्यांपुढें उभीं राहतात. हें वैभव खोटें नव्हे. १८५७ सालीं बादशहा फ्रान्झ जोसेफ यानें जुने तट पाडण्याची आज्ञा दिली, त्या जागीं रिंगस्ट्रास हा विशाल राजमार्ग झाला, आणि १८६९ सालीं त्यावर ऑपेरागृह उघडलें. परंतु ज्या मजुरांच्या हातांनीं या इमारती उठल्या, ते रात्रीं कोठें निजत असत, हें पाहण्याची तसदी प्रवासी घेत नसत.

१९१० सालीं शहराची वस्ती वीस लक्षांवर गेली होती. मजुरांच्या चाळींत पाण्याचा नळ व शौचकूप अनेक बिऱ्हाडांत मिळून सामाईक असत. ज्यांस खोली परवडत नसे ते कांहीं तासांपुरती नुसती खाट भाड्यानें घेत. एक उठून कामास गेला कीं दुसरा तींत निजे. क्षयरोगास तर ‘व्हिएन्नाची व्याधी’ असेंच नांव पडलें. आणि नगरसभेंत मताचें वजन कराच्या रकमेवर ठरत असल्यामुळें या लोकांचें गाऱ्हाणें तेथपर्यंत पोहोंचतच नसे.

१९१९ सालच्या मे महिन्यांत सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या समान मतांनीं नगरसभा निवडली गेली, आणि समाजवादी लोकशाही पक्षास बहुमत मिळालें. १९२२ पासून व्हिएन्ना हा स्वतंत्र प्रांत होऊन कर बसविण्याचा अधिकार त्याच्या हातीं आला. खजिन्याचा कारभार ह्यूगो ब्राइटनर या माजी बँक-संचालकाकडे होता. त्यानें मोटारी, घरगडी व चैनीच्या वस्तू यांवर कर बसविले. १९२३ पासून घरबांधणीचा कर सुरू केला. लहान बिऱ्हाडावर तो नाममात्र, तर हवेलीवर जबर असे. मुख्यतः या उत्पन्नांतून, कर्जावर विसंबून न राहतां, १९३४ पर्यंत साठ हजारांवर बिऱ्हाडें उभीं राहिलीं. १९३० सालीं पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही इमारत एक किलोमीटरहून लांब असून तींत १,३८२ बिऱ्हाडें होतीं. तथापि जागेच्या पंचमांशाहूनही कमी भाग बांधकामाखालीं होता. बाकी बाग व क्रीडांगण. नळ व शौचकूप प्रत्येक घरांत. शिवाय धुलाईघर, स्नानगृह, बालकमंदिर व वाचनालय.

आमचे व्यापारी वाचक विचारतील कीं, एकाच्या खिशांतून काढून दुसऱ्यास घर देणें हा कोठला न्याय? शंका योग्य आहे, आणि घरमालकांचें नुकसान झालें हेंही खरें. परंतु महायुद्धांत, १९१७ सालीं, भाडीं कायद्यानें बांधलीं गेलीं. पुढें चलन कोसळलें. सबब खाजगी भांडवल घरबांधणीस पुढें येईना. नगरसंस्थेनें बांधलीं नसतीं, तर तीं घरें कोणीच बांधलीं नसतीं. ज्या शहरांत कामकरी खोकून खोकून मरतो, तेथें धनिकाचें दुकान तरी किती दिवस भरभराटेल?

या प्रयोगांत उणीवा होत्या. खोल्या लहान होत्या, आणि सर्व गरजूंस त्या पुरल्या नाहींत. परंतु त्यावर घाला आला तो उणीवांमुळें नव्हे. १९३४ च्या फेब्रुवारींत सरकारी तोफांनीं कार्ल मार्क्स होफवर मारा केला, नगरसभा बरखास्त झाली, ब्राइटनर कैदेंत पडला. १९३८ सालीं नाझी अंमलांत यहुदी भाडेकरूंस याच घरांतून हांकून दिलें. मताचा हक्क गेला कीं छपराचा हक्क टिकत नाहीं, हा यांतील कटु बोध होय.

तरी भिंती टिकल्या, आणि महायुद्धानंतर बांधणीही पुन्हां सुरू झाली. आज शहराच्या मालकीचीं सुमारें दोन लक्ष वीस हजार बिऱ्हाडें असून सुमारें चतुर्थांश नागरिक त्यांत राहतात. ऑपेरागृह पाहण्यास जगांतील लोक येतात, ते खुशाल येवोत. परंतु नगराचें मोठेपण ठरवावयाचें, तर तेथील झाडूवाल्याच्या घरांत खिडकी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.