शेड्यूलरशी खोटं बोलणारे आपण

मागच्या मंगळवारी रात्री साडेबाराला फोन केकाटला. ऑन-कॉल होतो, उठणं भाग होतं. रोज रात्री बाराला चालणारा एक जॉब पडला होता. डोळे चोळत ग्राफ उघडला तर काय, जॉबने ८ कोअर मागून ठेवलेले आणि महिनाभरात एकापेक्षा जास्त कधी वापरलाच नव्हता. सकाळी त्या टीममधल्या मैत्रिणीला विचारलं, हा रिपोर्ट कोण बघतं गं? ती म्हणाली, "अरे, सोमवारच्या मीटिंगला लागतो फक्त."

म्हणजे आठवड्यातून एकदा लागणारी गोष्ट रोज, आठपट जागा अडवून, मध्यरात्री. कुठल्या गाढवाने लिहिलंय म्हणून हिस्टरी काढली. गाढव मीच होतो.

तर मंडळी, आजचं भांडण स्वतःशीच आहे, पण तुम्हीही सुटणार नाही.

डेटा सेंटर वीज खातात अशी ओरड आपण सगळेच करतो. खोटी नाही ती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटरनी वापरली. पण लगेच आपण बोट दाखवतो ते चिपवाल्यांकडे, एसीवाल्यांकडे, नाहीतर एआयकडे. आपण लिहिलेल्या चार ओळींच्या कॉन्फिगकडे मात्र कोणी बघत नाही.

गूगलच्या बारोसो आणि हॉल्झले यांनी २००७ मध्येच एक साधी गोष्ट मांडली होती. सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवर चालतात, आणि चांगला सर्व्हरसुद्धा काहीही न करता बसला तरी कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खातो. नंतरची मशीन सुधारली, पण शून्य कामाला शून्य वीज अजून कोणी खात नाही. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षासारखं आहे हे.

आता ढोबळ हिशेब करा. पूर्ण भाराला १०० युनिट आणि रिकामं असताना ५० युनिट खाणारी दहा मशीन, प्रत्येकावर २० टक्के काम. एकूण वीज ६००. तेच काम तीन मशीनवर दाबून बसवलं आणि बाकीची सात बंद केली तर २५०. काम तेवढंच, वीज निम्म्याहून कमी! शेअर रिक्षावाल्याला हे कळतं, सीट भरल्याशिवाय तो निघत नाही. कुबरनेटीसचा शेड्यूलर मात्र डीफॉल्टने कमी भरलेल्या मशीनला जास्त गुण देतो, म्हणजे काम पसरवतो. ती सेटिंग बदलता येते, रिकामी मशीन परत करणारा ऑटोस्केलरही असतो. मग अडतं कुठे?

अडतं आपल्या खोटेपणात. शेड्यूलर जागा वाटतो ती आपण मागितलेल्या आकड्यावरून, खऱ्या वापरावरून नाही. एक कोअर पुरत असताना आठ मागितले की त्याच्या लेखी रिक्षा फुल्ल! आतमध्ये एकच माणूस पाय पसरून बसलाय हे त्याला दिसत नाही.

दुसरं खोटं वेळेचं. 'रात्री बारा' हा आकडा आपण विचार न करता टाकतो. भारतात रात्री सौर वीज नसते, ग्रिडचा मोठा भार कोळशावर असतो. दुपारी सौर वीज भरपूर. म्हणून तर केंद्राने २०२३ च्या नियमांत दिवसा स्वस्त आणि पीकला महाग असे दर आणायला सांगितलं. गूगलनेही २०२० मध्ये जाहीर केलं की व्हिडिओ प्रोसेसिंगसारखी घाई नसलेली कामं ते स्वच्छ वीज जास्त असलेल्या तासांत सरकवतात. सोमवारपर्यंत लागणारा रिपोर्ट रविवारी दुपारी काढता येतो. पण 'सोमवारपर्यंत' हे आपण शेड्यूलरला सांगितलंय कुठे?

आता आक्षेप. "सगळं ठासून भरलं तर रिस्पॉन्स टाइम बोंबलेल." बरोबर, म्हणून युझर वाट बघत असलेल्या सर्व्हिसना मोकळी जागा द्या, दाबायचंय ते बॅचला. "रात्री आमची मशीन रिकामीच असतात." ती चालू ठेवावीच लागत असतील तर खुशाल भरा. पण फक्त त्या जॉबसाठी रात्री नवी मशीन उभी करत असाल तर ही सबब चालणार नाही. आणि माझा लाडका आक्षेप: "विजेचं बिल क्लाउडवाला भरतो." नाही हो, तुम्हीच भरता, तासाच्या भाड्यात. मशीन रिकामं असलं तरी भाडं तेवढंच.

वाचलेल्या जागेत उद्या कोणीतरी दुसरंच काही चालवेल, हा धोका खरा आहे. म्हणून मशीन परत करा, नुसती रिकामी ठेवू नका.

असो. मी त्या जॉबचे ८ चे २ कोअर केले (एक भीतीपोटी) आणि तो रविवारी दुपारी एकला टाकला. बदल तीन ओळींचा, रिव्ह्यूला लागले दोन दिवस. कारण प्रत्येकाचा एकच प्रश्न, "चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?"

सोमवारी ऑफिसला गेलात की स्वतःचा एक जॉब उघडा. किती मागितलंय, किती लागतं आणि खरंच कधी लागतं, एवढंच बघा. गाढव कोण ते लगेच कळेल.