इंजिन बदला, पण गाडी कापू नका

जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. माझदा आरएक्स-७ मधलं रोटरी इंजिन काढून तिथं अमेरिकन व्ही-८ बसवावं का? काहींना हा गुन्हा वाटतो, काहींना शहाणपण. माझा आक्षेप इंजिन बदलण्याला नाही. गाडीचा मिजाज न ओळखता केलेल्या बदलाला आहे, आणि उद्या पूर्ववत करता येणार नाही अशा कापाकापीला तर फारच.

आधी निसान स्कायलाइन जीटी-आर घ्या. १९८९ साली आर३२ आली. तिचं आरबी२६ इंजिन २५६८ सीसीचं. हा विचित्र आकडा शर्यतीच्या नियमातून आला. ग्रुप ए शर्यतींमध्ये टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गाडीचा वर्ग ठरायचा. २५६८ ला १.७ ने गुणलं की साधारण ४३६६ येतात, म्हणजे साडेचार हजारांच्या आत. इंजिन घडवलं तेच शर्यतीसाठी. रस्त्यावरच्या गाडीची ताकद मात्र २८० पीएस सांगितली गेली, कारण जपानी कंपन्यांनी आपसात तेवढीच मर्यादा पाळायचं ठरवलं होतं. हा समझोता २००४ पर्यंत चालला. तोवर शर्यतीतल्या जीटी-आरने १९९० ते १९९३ या काळात जपानी टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती मारल्या होत्या. अशा इंजिनातून कुणी चारशे-पाचशेची ताकद काढली, तर त्याच्या पोटात होतं तेच बाहेर आलं. टोयोटा सुप्राच्या २जेझेडचंही तसंच. आतले भाग बदलून त्याच्या लोखंडी ब्लॉकने हजार हॉर्सपॉवर पेलल्याची उदाहरणं जगभर आहेत.

आरएक्स-७ ची गोष्ट वेगळी. १९९१ च्या तिसऱ्या पिढीतलं १३बी इंजिन जेमतेम १.३ लिटरचं. त्यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, फक्त दोन त्रिकोणी रोटर फिरतात. इंजिन इतकं आटोपशीर की पुढच्या चाकांच्या आसामागे बसतं, आणि बाकीची गाडी त्याच्या भोवती बेतलेली आहे. त्याच वर्षी माझदाने रोटरी इंजिनावर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, असं करणारी ती पहिली जपानी कंपनी. पण रोटरी नाजूक. ती जास्त तापली किंवा आत नॉकिंग झालं, की रोटरच्या टोकावरची एपेक्स सील जाते आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. मग लोक कंटाळून जनरल मोटर्सचं एलएस व्ही-८ आणतात. ते अॅल्युमिनियमचं असतं. शिवाय टर्बो, इंटरकूलर आणि व्हॅक्यूम पाइपांचं जंगल निघून जातं, त्यामुळे वजन लोक समजतात तितकं वाढत नाही. गाडी किल्ली फिरवली की निघते. हे सगळं खरं आहे. फक्त मग ती आरएक्स-७ च्या कपड्यांतली कॉर्व्हेट होते.

ज्याचं इंजिन बसलंय आणि नव्याने बांधायला पैसे नाहीत, त्याला मी काय बोलणार? ताडपत्रीखाली गंजण्यापेक्षा व्ही-८ बरं. चांगलं चालणारं १३बी मात्र निव्वळ आकड्यांच्या हौसेपायी काढू नये.

आकड्यांचीच हौस टर्बोच्या बाबतीत जास्त नडते. मोठा टर्बो लावला की डायनोचा कागद मित्रांना दाखवता येतो. पण मोठं चाक फिरायला एक्झॉस्टचा तेवढा जोर लागतो, आणि तो जमेपर्यंत गाडी झोपलेली असते. म्हणून तर माझदाने आणि टोयोटाने दोन टर्बो आळीपाळीने चालवण्याची यंत्रणा बसवली होती. खालच्या फेऱ्यांवर एकच टर्बो, वर गेल्यावर दुसरा जोडीला. गुंतागुंत खूप, पण हारुनासारख्या डोंगरी रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पायाखाली ताकद लगेच मिळते. ही यंत्रणा काढून एकच मोठा टर्बो लावणारे बहुतेक लोक सरळ रस्त्याचेच हिशेब करतात.

जीटी-आरमध्ये आणखी एक मेख आहे. तिच्या मूळ टर्बोतलं टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं. हलकं, म्हणून चटकन फिरतं, पण बूस्ट फार वाढवला तर फुटतं. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकवरचा ऑइल पंप फिरवणारा भागही आखूड आणि कमकुवत. म्हणजे आधी ऑइल पंप, कूलिंग, ब्रेक आणि पेट्रोलचा पुरवठा, मग ईसीयू, आणि सगळ्यात शेवटी टर्बो. लोक नेमके उलटे जातात, कारण ऑइल पंपाचा फोटो कुणी काढत नाही.

माझा मामेभाऊ शारजात एका गॅरेजमध्ये कामाला आहे. जुन्या जपानी सुट्या भागांचा तिथं मोठा बाजार भरतो. पुढच्या बाजूने अर्धी कापून आणलेली गाडी, म्हणजे ‘हाफ कट’, घेतली की इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, वायरिंग सगळं एकाच गाडीचं मिळतं. तो म्हणतो, “भाई, इंजिन उतरवणं दोन दिवसांचं काम. वायरिंग महिनाभर रडवतं.” मला त्या बाजाराबद्दल दुसरंच वाटतं. एक गाडी वाढवायला दुसरी अर्धी होते. अपघातात गेलेली असेल तर ठीक, पण धडधाकट गाड्याही अशा कापल्या जात असतील, तर शौकिनांनी आपला हिशेब पुन्हा मांडावा.

शुद्धतेचा हट्टही मला पटत नाही. मुंबईच्या प्रीमिअरची ११८ एनई आठवते का? अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं. नावातलं ‘एनई’ म्हणजेच निसान इंजिन. तिला कुणी बाटगी म्हटलं नाही. खुद्द टोयोटाने २०२३ च्या टोकियो ऑटो सलोनमध्ये दोन जुन्या एई८६ मांडल्या. एकीत मूळ ४ए-जीई इंजिनच हायड्रोजनवर चालवलेलं, दुसरीत थेट विजेची मोटर. पण विजेच्या गाडीतही क्लच आणि हाताने टाकायचे गिअर शाबूत ठेवले. एई८६ कशासाठी चालवतात हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, त्यामुळे हा शौक आपण बहुतेक लांबूनच पाहतो. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या पोरांपैकी कुणी अशी गाडी घेतलीच, तर त्याला एवढंच सांगेन: नवं इंजिन बोल्टने बसणाऱ्या माउंटवर बसव, फायरवॉलला ग्राइंडर लावू नकोस. आणि जुनं भंगारात देऊ नकोस. आत तेल सोड, सगळी तोंडं बंद कर, आणि इंजिन नंबरच्या कागदासकट कोपऱ्यात झाकून ठेव.